सापळा रिकामा निघाला खरा, पण ल्यूर ताजं होतं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलानं विचारलंय: "सर, जड न्यूट्रिनो इतकी वर्षं शोधताहेत आणि दर पेपरच्या शेवटी लिहिलेलं असतं की काही सापडलं नाही. मग त्या पेपरचा उपयोग काय? जो कण कशाशीच बोलत नाही तो यंत्रात दिसणार तरी कसा? मला एम.एस्सी.नंतर यात यायचं आहे, पण घरचे म्हणतात, न सापडणारी वस्तू शोधायचा पगार कोण देतं?"

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. माझ्या मायनं वीस वर्षांपूर्वी हेच विचारलं होतं, "अन् नाईच सापडलं तं?" मी सतरा वर्षं कोलायडरच्या, म्हणजे कण एकमेकांवर आपटणाऱ्या यंत्राच्या, डेटात हीच शोधाशोध केली. मूळचा दारव्ह्याकडचा, कापसाच्या घरातला. म्हणून तुला 'तू' म्हणतो, राग मानू नको.

तुझे प्रश्न तीन दिसतात, पण मुळात एकच आहे. रिकाम्या हातानं परत आलेल्या माणसाच्या "नाही"वर विश्वास कधी ठेवायचा?

कामगंध सापळे तू लावले असशीलच. एकरी दोन, आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली असं समजायचं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं हंगाम खाल्ला, तेव्हापासून आमच्या काकांच्या वावरातही सापळे आहेत. एका वर्षी मी दिवाळीला गेलो तर काका निवांत. "सापया तं रिकामाच हाय, मंग फवारा कायले मारू?" मी चार हिरवी बोंडं फोडली. तीनमध्ये अळी. सापळ्यातलं ल्यूर, म्हणजे नर पतंगाला ओढणारी मादीच्या वासाची कुपी, काढून पाहिलं तर पोळ्याच्या आधीचं, वास केव्हाच उडून गेलेला. धुऱ्यापलीकडच्या सापळ्यात दुकानदारानं भलतंच ल्यूर दिलं होतं, अमेरिकन बोंडअळीचं. त्याच्याकडे गुलाबी अळीचा पतंग ढुंकूनही पाहत नाही.

तर काकांच्या रिकाम्या सापळ्यानं काहीच सांगितलं नव्हतं. ल्यूर ताजं असतं, नेमक्या जातीचं असतं, सापळा पऱ्हाटीच्या शेंड्याच्या वर टांगलेला असता आणि तरीही रिकामा निघाला असता, तर ती बातमी झाली असती. आमच्या पेपरातलं "सापडलं नाही" हे या दुसऱ्या प्रकारचं असावं लागतं. तू शेवटची ओळ वाचून पेपर मिटतोस. त्याच्या आधीची चाळीस पानं बहुतेक ल्यूर ताजं होतं हे पटवण्यातच गेलेली असतात.

आता पतंगाकडे येऊ. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, जवळजवळ कशालाही न अडखळणारा बारका कण. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगानं दाखवून दिलं की न्यूट्रिनो वाटेत जात बदलतात, आणि वस्तुमान असल्याशिवाय हे होत नाही. ते वस्तुमान अजून थेट मोजता आलेलं नाही. जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगानं २०२५ मध्ये एवढं पक्कं केलं की ते ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं माप) वर नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान याच मापात ५ लाख ११ हजार. म्हणजे न्यूट्रिनो दहा लाख पटींहून हलका. एकाच कुळातल्या दोन कणांत एवढी तफावत का? १९७७ मध्ये पीटर मिन्कोव्स्कींनी आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी काहींनी याला एक उत्तर सुचवलं. त्यात ओडिशातून अमेरिकेत गेलेले रवींद्र मोहपात्राही होते. उत्तर असं, की हलक्या न्यूट्रिनोला एक जड जोडीदार आहे. जोडीदार जितका जड, तितका आपला न्यूट्रिनो हलका. शाळेच्या मैदानातल्या सी-सॉचं एक टोक दाबलं की दुसरं वर जातं, म्हणून या कल्पनेचं नावही तेच पडलं.

हा जोडीदार गुरुत्वाकर्षण सोडलं तर स्वतः होऊन कुठल्याच बलाला दाद देत नाही. पण साध्या न्यूट्रिनोत त्याची किंचित भेसळ असते, दुधात पाणी असावं तशी. समज भेसळ दहा लाखांत एक आहे. मग जिथे जिथे न्यूट्रिनो जन्मतो, तिथे दहा लाख वेळांतून एकदा त्याच्या जागी हा जड कण निघेल. तो फुटून मरतो तोही याच भेसळीच्या जोरावर. म्हणजे तो कशाशीच बोलत नाही असं नाही, फार क्वचित बोलतो. जन्म आणि मरण दोन्ही एकाच भेसळीच्या हातात आहेत, ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे हिशोबात लागेल.

अडचण अशी की तो किती जड, यावर सिद्धांत जवळजवळ मोकाट सोडतो. काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट चालतो, प्रोटॉनएवढा चालतो, आणि पृथ्वीवर कुठलंच यंत्र बनवू शकणार नाही इतका जडही चालतो. त्यामुळे "कसा शोधायचा" याचं सगळ्यांना लागू पडणारं उत्तर माझ्याकडे नाही. वस्तुमानाचा पट्टा बदलला की यंत्र बदलतं, आणि भेसळ इलेक्ट्रॉनच्या न्यूट्रिनोत आहे की म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ), यावरही बदलतं. जात बदलली की ल्यूर बदललंच पाहिजे.

मला सगळ्यात देखणी वाटते ती धरमकाट्याची पद्धत. जिनिंगवर ट्रॉली आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. कापूस कोणीच काट्यावर ठेवत नाही, वजाबाकीनं कळतो. केऑन नावाच्या कणाचंही तसंच करता येतं. स्थिर उभा असलेला केऑन बहुतेक वेळा दोनच तुकड्यांत फुटतो, एक म्युऑन आणि एक न्यूट्रिनो. दोनच तुकडे असले की वाटणीत घासाघीस नाही. म्युऑनचा संवेग दर वेळी २३६ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) येतो, ना एक कमी ना एक जास्त. आलेख काढलास तर २३६ वर एकच उंच सुळका. आता न्यूट्रिनोच्या जागी समज ३०० एमईव्हीचा जड कण निघाला. त्याच्या अंगातच इतकी ऊर्जा मुरते की म्युऑनच्या वाट्याला १२९ च्या आसपास उरतं. म्हणजे मोठ्या सुळक्यापासून दूर, १२९ वर एक बारकं टेकाड. जड कण स्वतः भिंतीतून आरपार निघून गेला तरी बिघडत नाही, कारण त्याला पाहायचंच नव्हतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा एनए-६२ प्रयोग हेच धावत्या केऑनवर करतो. आधी केऑन मोजतो, मग बाहेर आलेला इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन, आणि उरलेलं वजाबाकीनं. इलेक्ट्रॉनच्या बाजूनं त्यानं साधारण १४४ ते ४६२ एमईव्हीच्या पट्ट्यात अब्जात एक या पातळीपर्यंतची भेसळ धुंडाळली आहे.

पण काट्यात पासंग असतो हे कापूस विकणाऱ्याला सांगायला नको. इथला पासंग म्हणजे फोटॉन, प्रकाशाचा कण. केऑन कधीकधी म्युऑन, न्यूट्रिनो आणि वर एक फोटॉन असा फुटतो. तो फोटॉन डिटेक्टरच्या फटीतून निसटला तर म्युऑनचा संवेग कमी भरतो आणि जड कण असल्याचा भास होतो. म्हणून अशा प्रयोगात अर्धा जीव फोटॉन अडवणाऱ्या भिंतीत गुंतलेला असतो. शिवाय काट्याला मर्यादा आहे. केऑनच ४९४ एमईव्हीचा, त्यातून ५०० चा कण कसा काढणार?

पासंगानं आख्खं क्षेत्र कसं फसतं तेही एकदा घडलंय. १९८५ मध्ये कॅनडातल्या जॉन सिम्पसन यांनी ट्रिटियमच्या बीटा-क्षयाच्या (अणुकेंद्र फुटून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या) आलेखात एक बाक पाहिला आणि १७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रिनो असल्याचा दावा केला. काहींना तो दिसला, काहींना नाही. वाद आठ वर्षं चालला. १९९३ च्या सुमारास जास्त काटेकोर प्रयोगांनी तो मोडीत काढला, आणि काही ठिकाणी तो बाक इलेक्ट्रॉन उपकरणात आपटून ऊर्जा गमावत असल्यामुळे आल्याचं निघालं.

माझं स्वतःचं काम याहून जड पट्ट्यातलं, काही जीईव्हीपासून (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) पुढचं. एलएचसीत, म्हणजे सर्नच्या मोठ्या कोलायडरमध्ये, डब्ल्यू नावाचे कण अब्जावधी जन्मतात, आणि डब्ल्यू बऱ्याचदा फुटताना एक लेप्टॉन (इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनसारखा कण) आणि एक न्यूट्रिनो देतो. भेसळ असेल तर न्यूट्रिनोऐवजी कधीतरी जड कण. तो लगेच मरत नाही. टक्करीच्या बिंदूपासून काही मिलिमीटर, काही सेंटीमीटर चालतो आणि मग रिकाम्या जागेत फुटतो. आपल्याला दिसतं ते असं, की मध्यापासून दूर, जिथे काहीच नसायला हवं तिथून, दोन रेषा अचानक सुरू झाल्या आहेत. आयुष्य किती, हे भेसळीवर आणि वस्तुमानाच्या पाचव्या घातावर ठरतं. वस्तुमान दुप्पट केलं की आयुष्य बत्तीसपट घटतं. म्हणून तीन जीईव्हीचा कण डिटेक्टरबाहेर पळून जातो आणि तीसचा जन्मल्या जागीच संपतो.

"काहीच नसायला हवं" हे लिहायला सोपं. एकदा पेटी उघडायच्या आधी, म्हणजे खरा डेटा झाकलेला असताना, तपासणीसाठी वेगळ्या काढलेल्या भागात दोनेक बिंदू अपेक्षित होते आणि निघाले अकरा. रात्रभर कोणी झोपलं नाही. एक जण तर पेपराचं शीर्षक सुचवायला लागला. पहाटे मी ते अकरा बिंदू आडव्या छेदाच्या नकाशावर टाकले. अकरातले नऊ एकाच कोनात, एकाच अंतरावर, दाण्याला दाणा लागून. तिथे केबल धरून ठेवणारी धातूची पट्टी होती. साधे कण तिच्यावर आपटून शिंपडत होते, आणि आम्हाला वाटत होतं रिकाम्या जागेत काहीतरी फुटतंय. पट्टी आमच्या नकाशात होती, पण चार मिलिमीटर आत. तो नकाशा मीच काढलेला. त्यानंतर महिनाभर कॉफीच्या रांगेत कोणी ना कोणी विचारायचं, आज किती मिलिमीटर?

तेव्हापासून मी यंत्राला आधी ओळखीचा पतंग दाखवतो. निसर्गानं आपल्याला के-शॉर्ट नावाचा कण दिलाय, तोही थोडं चालून दोन पायॉनमध्ये फुटतो. त्याच्या आयुष्याला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की २.७ सेंटीमीटर येतात, पुस्तकात छापलेले. आपल्या यंत्राला मध्यापासून पाच, दहा, वीस सेंटीमीटरवर के-शॉर्ट किती सापडतात आणि किती सापडायला हवे होते, हे ताडून पाहायचं. वीस सेंटीमीटरवर दहातले चारच दिसले तर जड कणाच्या हिशोबातही ते चारच धरायचे. हे ल्यूर तपासणं झालं.

आता "मर्यादा" म्हणजे काय ते आकड्यांत बघ. आकडे सोपे केलेत, पण घर बरोबर आहे. एका जातीच्या लेप्टॉनमागे २ अब्ज डब्ल्यू धर. भेसळ दहा लाखांत एक असेल तर २ हजार जड कण जन्मले. त्यातले दहातला एक आपल्या उपयोगाच्या जागेत फुटतो, राहिले २००. सगळ्या चाळण्यांतून शंभरातले तीन टिकतात, राहिले ६. पेटी उघडली आणि शून्य निघाले. सरासरी ३ अपेक्षित असताना निव्वळ नशिबानं शून्य दिसण्याची शक्यता ५ टक्के असते. इथे तर ६ अपेक्षित होते. म्हणून लिहायचं की या वस्तुमानाला एवढी भेसळ ९५ टक्के विश्वासानं नाकारली.

भेसळ दहापट कमी केली तर? २०० च जन्मले. पण आयुष्यही दहापट वाढलं, त्यामुळे दहातला एक नाही, शंभरातला एक जागेत फुटला. राहिले २. चाळणीतून ०.०६. भेसळ दहापट कमी झाली आणि घटना शंभरपट, कारण जन्म आणि मरण दोन्हीकडे मार बसला. इथे शून्य दिसलं तर आपण गप्प बसायचं. उलट भेसळ फार वाढवली तर कण मध्याजवळच, टक्करीच्या कचऱ्यात फुटतो आणि या पद्धतीला दिसत नाही. म्हणून पेपरातल्या आलेखात नाकारलेला भाग एखाद्या बेटासारखा असतो, खालूनही बंद, वरूनही बंद. तू म्हणतोस तो "सापडलं नाही"चा पेपर म्हणजे या बेटाची हद्द. पुढचा माणूस यंत्र बांधताना ती हद्द उशाशी घेऊन झोपतो, कारण आत पैसा घालायचा नसतो आणि बाहेर कुठे घालायचा ते तीच सांगते. पगार यासाठी मिळतो, घरी सांग.

एक प्रकरण आपल्याकडचंही आहे. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा नोंदवणाऱ्या दोन गटांपैकी एक काम करत होता. दुसरा दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत. १९७५ मध्ये कोलारच्या गटानं काही चमत्कारिक घटना छापल्या. दोन-तीन रेषा एकाच बिंदूतून निघालेल्या, आणि तो बिंदू खडकात नव्हता, खडक आणि डिटेक्टर यांच्या मधल्या हवेत होता. हवेत न्यूट्रिनो आदळणं जवळपास अशक्य. म्हणजे खडकात काहीतरी जन्मलं, थोडं चाललं आणि हवेत फुटलं, असा त्यांचा अर्थ. काही जीईव्हीचा, नॅनोसेकंदाच्या घरात जगणारा कण. नंतर प्रवेगकांवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांवर, शोध झाले, तसा कण मिळाला नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या न्यूटेव्ह प्रयोगानंही अशाच रिकाम्या पोकळीत म्युऑनच्या जोडीच्या तीन घटना दाखवल्या, अपेक्षा ०.०७ ची असताना. तेही पुढे गेलं नाही. माझं मत विचारशील तर इतक्या मोजक्या घटनांवर कण उभा करू नये आणि त्या छापणाऱ्याला हसूही नये. कोलारवाल्यांची नजर बरोबर जागी होती. सर्नमध्ये २०२४ ला मंजूर झालेला शिप प्रयोग आता काय करणार आहे? ४०० जीईव्हीचे प्रोटॉन जाड ठोकळ्यावर आपटायचे, मागे सगळं अडवायचं, आणि त्यापुढे पन्नासेक मीटर लांबीच्या पोकळीत काही फुटतं का ते पाहत बसायचं. खडक आणि त्यापुढची हवा, फक्त मुद्दाम बांधलेली.

राहिला तू. यात यावं की नाही हे तुझ्या घरच्या ओढाताणीवर आहे, ते मला इथून दिसत नाही. जॅम आणि जेस्ट या प्रवेश परीक्षा द्याव्या लागतील, पीएच.डी. धरून आठ-नऊ वर्षं हातात फार पैसा नसेल. धाकटी भावंडं असतील तर हे आधी घरी बोल, परीक्षा पास झाल्यावर नको. प्रोग्रामिंग येत असेल तर पाठ टेकायला जागा राहते, माझ्या बरोबरीचे निम्मे लोक आज डेटाच्या नोकऱ्यांत आहेत आणि कोणी उपाशी नाही. पण वर्षभर राबून शून्य हाती आलं की ज्याला रात्री झोप लागत नाही, त्यानं दुसरं काहीतरी करावं. हे मी टोमणा म्हणून नाही सांगत, माझे दोन चांगले विद्यार्थी याच कारणानं गेले आणि मजेत आहेत.

कल आहे की नाही ते तपासायला मोठं कॉलेज लागत नाही. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाचा खरा डेटा सर्ननं सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवलाय. फाइली जड आहेत, गावातल्या रेंजवर रात्री डाउनलोडला लावून झोप, लोडशेडिंगचा वार पाहून. त्याआधी मात्र कागदावर एक कर. केऑन ४९३.७ एमईव्हीचा, म्युऑन १०५.७ चा. ऊर्जा आणि संवेग अक्षय्य, एवढंच वापरून २३६ काढ. तो जुळला की उलटा हिशोब कर. म्युऑनचा संवेग १९० आला, तर सोबत निघालेला कण किती जड होता? उत्तर इथेच टाक, आणि पायऱ्याही लिही, नुसता आकडा नको.